काकडा, रोडगे आणि साखरेची गोळी

कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा महिना आपल्या भागात काकड्याचा. २०२५ साली तो ६ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर असा आला. अमडापूर असो, चिखली असो की मेहकरकडचे एखादे लहान खेडे असो, पहाटे साडेचारच्या सुमारास देवळात दिवा लागतो, पेटीचा भाता हलतो आणि भूपाळ्या सुरू होतात. आमच्या मंडळात आम्ही सातजण. सगळे जुने स्नेही. मी टाळ वाजवतो. वाजवतो म्हणण्यापेक्षा धरतो. महिना संपला, काला झाला, की कोणाच्या तरी शेतात गोवऱ्या पेटवून रोडग्यांची पंगत होते.

या महिन्यात माणसाचा दिनक्रम पार बदलतो. गोळ्यांची वेळ मात्र कोणी बदलत नाही. त्यातून काय घडते, ते मला माझ्याच मंडळात पाहायला मिळाले. चूक माझी होती, म्हणूनच या सदरात लिहीत आहे.

आमच्या मंडळात पेटी वाजवतात ते एक निवृत्त गुरुजी आहेत. वय अडुसष्ट. मधुमेह बारा वर्षांपासून, औषध माझेच. (हे त्यांच्या संमतीने लिहितो. 'नाव तेवढे लिहू नका' म्हणाले. गावात पेटी कोण वाजवतो हे सर्वांना ठाऊक आहे, ती गोष्ट वेगळी.) वर्षभरापूर्वी त्यांच्या पत्नी गेल्या. तेव्हापासून गुरुजींचे घराबाहेर पडणे कमी झाले होते. रात्रीचे जेवण कधी घ्यायचे, कधी दूध पिऊन झोपायचे. काकडा सुरू झाला तसे ते पहिल्याच दिवशी शाल गुंडाळून हजर. आम्हाला सर्वांना बरे वाटले.

नवव्या दिवशी गवळणी चालू असताना पेटीचे सूर भलतीकडेच जाऊ लागले. मृदंगवाल्याने हात थांबवून विचारले, "गुरुजी, काय करून राहिले?" गुरुजी एकदम चिडले. हा माणूस चिडणारा नव्हे. जवळ जाऊन पाहिले तर पहाटेच्या गारठ्यात कपाळावर घाम, बोटे थरथरत होती आणि मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर धड येत नव्हते. मागून कोणीतरी म्हणाले, अंगात आले असेल. एकाने पित्त म्हटले. माझी पिशवी गाडीत होती. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पाहिले, साखर ५२.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजावी. सुदैवाने गुरुजी शुद्धीवर होते, गिळू शकत होते. देवळात साखरेला काय तोटा? तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, ८१. मग प्रसादाची दोन केळी आणि दूध दिले. अर्ध्या तासात गुरुजी पुन्हा पेटीकडे सरकू लागले, त्यांना आम्ही बसू दिले नाही.

आता हे झाले कसे? गुरुजींना मी ग्लिमेपिराइडची गोळी लिहून दिली होती आणि सांगितले होते, "सकाळी उठल्यावर, नाश्त्याच्या आधी." एरवी ते सातला उठत, गोळी घेत आणि अर्ध्या तासात पोळी-भाजी खात. काकड्यात ते साडेतीनला उठले, स्नान केले, उठल्यावर घ्यायची म्हणून चारला गोळी घेतली आणि आरती होईपर्यंत तोंडात काही घालायचे नाही हा नेम पाळला. नाश्ता साडेआठला. म्हणजे गोळी पोटात गेल्यावर साडेचार तास अन्न नाही. वर देवळापर्यंत चालणे आणि दोन तास पेटी. गोळीने आपले काम चोख केले. मी 'उठल्यावर' म्हणालो, 'कधी उठता' हे विचारले नाही. त्याच मंडळात रोज शेजारी बसून टाळ कुटत होतो, तरी विचारले नाही.

मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्या अशा नसतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातील औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. समोर अन्न आहे की नाही, याची ती वाट पाहत नाहीत. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तेच. उलट नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर अशी धोकादायक उतरणे विरळा. म्हणून आपल्या गोळीचे नाव पाकिटावर वाचून ठेवावे. बऱ्याचदा एकाच गोळीत दोन औषधे असतात आणि नावावरून ते कळत नाही, अशा वेळी औषध दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारावे, लाजू नये.

साखर उतरल्याची लक्षणे बहुतेकांना माहीत असतात: घाम, थरथर, धडधड, एकदम भूक. पण विनाकारण चिडणे, बरळणे, नेहमीच्या कामात चुका होणे हीही लक्षणेच, आणि ती शेजारच्याला आधी दिसतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे थरथर आणि धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून तडक रुग्णालयात न्यावे. आणि या गोळ्यांचा असर लांबतो, म्हणून साखर पिऊन बरे वाटले तरी दिवसभर अशा माणसाला एकटे सोडू नये. गुरुजींची साखर दुपारी पुन्हा ६६ पर्यंत उतरली होती.

सायंकाळी त्यांचा मुलगा दवाखान्यात आला. "डॉक्टरसाहेब, बाबांचा काकडा आता बंदच करून टाका. तुमचं ते ऐकतात." सल्ला सोपा होता, देऊन टाकला असता तर माझीही जबाबदारी संपली असती. पण त्या नऊ दिवसांत गुरुजी रात्री नीट जेवू लागले होते, कारण पहाटे उठायचे होते. दुपारी एक-दोन जण नव्या चालीसाठी त्यांच्या ओसरीवर येऊन बसत होते. एकटेपणाचा विषय आता जागतिक आरोग्य संघटनेनेही गांभीर्याने घेतला आहे. २०२३ साली त्यांनी त्यावर स्वतंत्र आयोग नेमला. पण त्यासाठी जिनिव्हापर्यंत जायला नको, पत्नी गेल्यानंतर वर्षभर गुरुजींचे जेवण कसे होते ते मी पाहत होतो. पेटी बंद केली असती तर ते पुन्हा खाटेवर जाऊन पडले असते, आणि न जेवता गोळी घेण्याचा धोका तिथेही होताच.

म्हणून काकडा ठेवला, गोळी हलवली. देवळात निघण्यापूर्वी पेलाभर दूध आणि दोन खारका. "दूध उपासाला चालते ना, गुरुजी?" एवढ्यावर ते राजी झाले. ग्लिमेपिराइड अर्धी केली आणि ती आरतीनंतर, समोर ताट आल्यावर. खिशात खडीसाखरेची पुडी. पहिले चार दिवस पहाटे आणि दुपारी साखर तपासली. हा बदल त्यांच्यासाठी होता. वाचकांनी तो आपल्या मनाने करू नये. आपल्या डॉक्टरांना महिना सुरू होण्याआधी जाऊन सांगावे, मी या वेळेला उठणार, या वेळेला खाणार.

आपल्या गावातील रोजे धरणाऱ्या मंडळींचा प्रश्नही हाच. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेने रमजानसाठी खास सूचना तयार केल्या आहेत. त्यात उपवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, असे म्हटले आहे. काकड्यासाठी, चातुर्मासातील एकभुक्तासाठी, नवरात्रातील उपासासाठी तसे कोणी लिहून ठेवलेले मला आढळले नाही. खरे तर हिशोब तोच आहे.

गाण्याचे म्हणाल तर लांब अभंग म्हणताना श्वास पोटापासून घ्यावा लागतो आणि हळूहळू सोडावा लागतो. ब्रिटनमध्ये फुफ्फुसाच्या जुनाट विकाराच्या रुग्णांसाठी गाण्याचे वर्ग चालतात. अभ्यास लहान आहेत, रुग्णांना बरे वाटते एवढे त्यातून दिसते. आमच्यातला एक टाळकरी मात्र गायल्याने दमा बरा होतो म्हणून आरतीनंतर विडी ओढतो. त्याला काय सांगावे? हृदयविकार असणाऱ्यांनी पहाटे कान-छाती झाकून निघावे आणि छातीत दुखले तर आरती संपायची वाट पाहू नये.

आता रोडगे. कणीक जाडसर दळायची, ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळायची, लहान गोळ्यावर एकावर एक पाऱ्या चढवायच्या आणि निखाऱ्यांवर, राखेत भाजायचे. वांग्याची भाजी, वरण आणि फोडलेल्या रोडग्यावर तूप. हे पदार्थ वाईट आहेत असे मी म्हणणार नाही, म्हटले तर मंडळातून काढतील. पण हिशोब पाहा. मध्यम रोडग्याला शंभर ग्रॅम कणीक लागते. तेवढ्यात घरच्या साडेतीन-चार पोळ्या होतात. दोन रोडगे म्हणजे सात-आठ पोळ्या, आणि आग्रह तर तिसऱ्याचा असतो. तुपाच्या एका चहाच्या चमच्यात ४५ कॅलरी. शेतावर तूप चमच्याने कोणी वाढत नाही, पळीने वाढतात.

मधुमेह्याने अर्धा रोडगा घ्यावा, आधी भाजी आणि वरण भरपूर खावे, गोडाचे ताट पुढे सरकवावे. पंगतीची भरपाई म्हणून एक गोळी जादा घेणारे दरवर्षी भेटतात, तसे कधीही करू नये. गोवऱ्यांचा धूर दमेकऱ्याला फार बाधतो. जन्मात विडी न ओढलेल्या कितीतरी बाया चुलीच्या धुराने फुफ्फुसे खराब करून माझ्याकडे येतात. धूर संपून लाल निखारे होईपर्यंत लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला बसावे. भाजायचे काम तरुण पोरांनी करावे.

गुरुजींनी महिना पुरा केला. जानेवारीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली, ती ७.८ वरून ७.६ वर आली. एवढा फरक म्हणजे फरकच नाही, पण त्या महिन्यात साखर पुन्हा उतरली नाही आणि वजन दोन किलोने वाढले; त्यांना ते हवेच होते. पंगतीच्या दिवशी आमचे ठरले होते, अर्धा रोडगा. जेवणानंतर दोन तासांनी त्यांनी आपल्या हाताने तपासले आणि आकडा चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे पाठवला: २३६. दुसरा अर्धा रोडगा कोणी वाढला, ते मात्र चिठ्ठीत नव्हते.