एकरी दोन गोण्या जास्त

गव्हाचे उत्पादन दर चौरस मीटरमधील ओंब्यांची संख्या, ओंबीतील दाणे आणि दाण्याचे वजन या तीन घटकांच्या गुणाकारातून ठरते. यांपैकी पहिला घटक जास्त बियाणे पेरून हवा तेवढा वाढवता येतो, असा जो समज बांधावर आणि त्याहूनही अधिक खत-बियाण्यांच्या दुकानांत रूढ आहे, तो किती महाग पडतो हे प्रस्तुत लेखकास निफाड तालुक्यातील स्वतःच्या दोन एकरांत एक हंगाम गमावल्यावर कळले.

बागायती गव्हाच्या वेळेवर, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात केलेल्या पेरणीस हेक्टरी 100 ते 125 किलो, अर्थात एकरी 40 ते 50 किलो बियाणे पुरते. हजार दाण्यांचे वजन 40 ग्रॅम धरल्यास 100 किलो बियाण्यात 25 लाख दाणे असतात आणि चौरस मीटरला 250 दाणे पडतात. ही पेरणी सुरुवातीस विरळ दिसली तरी रोपाच्या बुडातून निघणाऱ्या जादा काड्या, ज्यांना फुटवे म्हणतात, त्या मोकळ्या जागा भरून काढतात. उशिरा पेरलेल्या गव्हास फुटव्यांसाठी थंडीचे दिवस कमी मिळतात, म्हणून तेथे हेक्टरी 125 ते 150 किलो बियाण्याची शिफारस आहे. लेखकाच्या दुकानदाराने हा अपवाद नियम म्हणून सांगितला, त्यात स्वतःची भर घातली आणि 5 नोव्हेंबरच्या पेरणीसाठी एकरी 80 किलो बियाणे गळ्यात मारले.

खताचा हिशेब याहून साधा होता. वेळेवरच्या बागायती गव्हास हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद व 40 किलो पालाश, म्हणजे एकरी 48, 24 व 16 किलो लागते. डीएपीची 50 किलोची एक गोणी 9 किलो नत्र व 23 किलो स्फुरद देते, तर युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 20.7 किलो नत्र असते. त्यामुळे एक गोणी डीएपी, जेमतेम दोन गोण्या युरिया आणि सुमारे 27 किलो म्युरेट ऑफ पोटॅश यांत एका एकराची गरज भागते. प्रत्यक्षात डीएपीच्या गोणीसोबत युरियाच्या एकरी चार गोण्या दिल्या गेल्या, पालाशाचे नावही निघाले नाही, आणि नत्र एकरी 92 किलोंवर गेले.

जानेवारीअखेरपर्यंत हे शेत गावात सर्वांत हिरवे होते, आणि दुकानदार ते इतर गिऱ्हाइकांना दाखवण्यास आणत असे. दाण्यात चीक भरत असताना पाणी दिले गेले आणि त्याच रात्री वारा सुटून गहू लोळला, म्हणजे काड्या बुडापासून कलून जमिनीस टेकल्या. सकाळी उपटलेल्या मूठभर रोपांपैकी बहुतेकांना एकच काडी होती, तीही खालच्या पेरात बोटांनी दाबताच चेपणारी. दाटीमुळे सावलीत काडी लांब व बारीक वाढते आणि जादा नत्राने ती कोवळी राहते, हे तेव्हा हातात दिसले. मळणीत एकरी 11 क्विंटल सुरकुतलेला दाणा मिळाला, तर निम्म्या खर्चात पिकवणाऱ्या शेजाऱ्यास 18 क्विंटल. दुकानदाराने या वेळी शेतात पाऊल न ठेवताच "पाणी जास्त झालं, वाऱ्याला मी काय करणार?" असे म्हणून विषय मिटवला.

वाऱ्याच्या दिवशी पाणी देणे ही चूक लेखकाची होती, हे मान्य करावे लागते. परंतु ताठ उभा गहू तो वारा सोसतो, हे शेजारच्या शेताने दाखवले होते.

इतरांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. पेरणीपूर्वी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजावी आणि ती 85 टक्क्यांहून कमी असेल तरच बियाणे वाढवावे. दोन चाड्यांच्या पाभरीने 22.5 सेंटीमीटर अंतरावर पेरावे. स्फुरद, पालाश व अर्धे नत्र पेरताना द्यावे. उरलेले नत्र 21 दिवसांनी, जमिनीलगतच्या पेरातून कायमची मुळे, म्हणजे मुकुटमुळे, फुटताना पहिल्या पाण्याबरोबर द्यावे, त्यानंतर हिरवेपणासाठी हात सैल सोडू नये. माती परीक्षण करावे. पावती, पिशवीवरील लेबल आणि मूठभर बियाणे जपून ठेवावे, कारण त्यांच्याशिवाय तक्रार उभी राहत नाही. कुंदेवाडीचे कृषी संशोधन केंद्र, जेथे त्र्यंबक, नेत्रावती यांसारखे वाण तयार झाले, ते याच तालुक्यात असूनही लेखकाने विचारले दुकानात, कारण उधारी तेथे मिळत होती. म्हणून सल्ला आणि उधारी एकाच ठिकाणाहून घेऊ नये.

पुढील कार्तिकात त्याच दुकानदाराने गहू लोळू नये यासाठी एक बाटली पुढे केली. ती नाकारली गेली. जुन्या गोण्यांची बाकी मात्र अद्याप त्याच्याच वहीत आहे.