बाळाच्या रक्तातील लोह

महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळून आले. २०१५-१६ मध्ये हेच प्रमाण ५३.८ टक्के होते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील पालकांनीही या आकड्यांची दखल घ्यावयास हवी.

गर्भावस्थेत आईकडून मिळालेला लोहाचा साठा बाळाला साधारणतः सहा महिने पुरतो. त्यानंतर वाढत्या शरीराची गरज केवळ दुधाने भागत नाही. आई लोकलने कामावर गेली की आजी बाळाला मायेने पेज किंवा डाळीचे वरचे पाणी भरवते. परंतु त्यात लोह अत्यल्प असते. त्याऐवजी घट्ट वरणभात, नाचणीचे सत्त्व, हिरवी पालेभाजी आणि चालत असल्यास अंडे व मासे द्यावेत. लिंबाचा रस पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. बाळाला चहा मुळीच देऊ नये.

गुणसंवर्धित आहार

तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड व ब-१२ जीवनसत्त्व मिसळून तांदळासारखे दाणे तयार करतात. शंभर किलो तांदळात असे एक किलो दाणे मिसळले जातात. ते रंगाने किंचित वेगळे दिसतात. प्लॅस्टिकचे समजून ते वेचून टाकू नयेत. अशा तीस ग्रॅम तांदळातून सुमारे १ मिलिग्राम लोह मिळते. म्हणूनच सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी, आठवड्यातून दोनदा, १ मिलिलिटर लोहयुक्त औषधाची योजना आहे.

एक सावधगिरी

मात्र प्रत्येक फिकट बाळ लोहाअभावीच फिकट असते, असे नाही. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात सिंधी समाज मोठा आहे आणि या समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक आढळते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी बाळाला तीव्र आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बालकाच्या शरीरात वारंवार रक्त दिल्याने लोह साचत जाते. त्याला लोहाचे औषध अपायकारक ठरू शकते. म्हणून बाळ फारच फिकट दिसत असेल, किंवा औषध देऊनही सुधारणा नसेल, तर शासकीय रुग्णालयात रक्ततपासणी करून घ्यावी. विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभी आईवडिलांनी आपली तपासणी करणे त्याहून श्रेयस्कर.

आहार घरातला, पूरक पोषण अंगणवाडीतले आणि निदान डॉक्टरांचे, असा हा त्रिवेणी संगम साधला तर बाळाच्या गालावरची लाली टिकून राहील.