नव्या वाणाचे शिक्षण : पैदासकारापासून शेतकऱ्यापर्यंत

नवे वाण विकसित करताना पैदासकार, रेणवीय जीवशास्त्रज्ञ, बीजोत्पादक आणि विस्तार कार्यकर्ते एकाच उद्दिष्टासाठी झटतात. मात्र प्रत्येकाची शिकण्याची रीत निराळी असते. भारतात २००९ मध्ये प्रसारित झालेले ‘स्वर्णा-सब१’ हे पूरसहनशील भातवाण याचे उत्तम उदाहरण आहे.

पैदासकार : ओडिशातील स्थानिक भातातून निवडलेले ‘एफआर १३ए’ पूर सोसते, हे अनेक दशके ज्ञात होते. परंतु आरंभीच्या संकरांतून मिळालेली सहनशील वाणे उत्पादन व दाण्याच्या प्रतीत कमी पडली. लोकप्रिय वाणाचे गुण टिकवूनच सहनशीलता आणली पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

रेणवीय जीवशास्त्रज्ञ : ‘सब१ए’ हे जनुक २००६ मध्ये प्रकाशात आले. जनुकीय चिन्हकांच्या साहाय्याने गुणसूत्राचा तेवढाच भाग ‘स्वर्णा’मध्ये आणता आला. बुडालेले रोप वाढ आवरून अन्नसाठा राखते व सुमारे दोन आठवडे तग धरते, हेही उलगडले.

बीजोत्पादक : ‘स्वर्णा’चे तूस सोनेरी, तर ‘स्वर्णा-सब१’चे फिकट पिवळसर असते. पैदासकार यात शेजारच्या जनुकाचा प्रभाव पाहतो; बीजोत्पादकाला त्यातून भेसळ ओळखता येते; शेतकऱ्याला मात्र ‘हे खरेच स्वर्णा आहे का?’ अशी शंका येऊ शकते. वस्तुस्थिती एक, अर्थ तीन.

शेतकरी : पूर ओसरल्यावर पाने कुजलेली दिसतात व पीक गेले असे वाटते. घाईने नांगर फिरवला, तर संशोधनाचे सारे श्रम तेथेच वाया जातात. काही दिवस थांबून नवी पालवी पाहणे आणि रोपे सावरल्यावर नत्राची मात्रा देणे, हे ज्ञान बियाण्याच्या पिशवीतून पोहोचत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- प्रात्यक्षिकात जुने व नवे वाण शेजारी लावावे.
- पूर ओसरल्यावर शेतकऱ्यांसह शिवारफेरी काढावी. केवळ कापणीच्या दिवशी नव्हे.
- वाणाची मर्यादाही सांगावी : दीर्घकाळ साचून राहणाऱ्या पाण्यासाठी ते नाही.
- शेतकऱ्यांच्या शंका त्यांच्याच शब्दांत नोंदवून पैदासकारांकडे पाठवाव्यात.

एका गटाचे ज्ञान दुसऱ्याच्या भाषेत पोहोचवणे हे विस्ताराचे खरे कार्य होय. तो दुवा तुटल्यास उत्तम वाणही शेतात अपुरे ठरते.