रोह्याचा विद्यार्थी आणि केंब्रिजचे गायन

रोह्याचे चिंतामणराव देशमुख कुंडलिकेचा तीर सोडून कॅम नदीकाठी केंब्रिजला शिकावयास गेले व १९१७ साली पदवीधर झाले. महायुद्धामुळे तेथील महाविद्यालये तेव्हा ओस पडली होती. किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिराचे पंख्यासारखे पसरलेले पाषाणी छत १५१५ साली पुरे झाले. ते डोळे भरून पाहावे हे खरे. पण त्याहून नवल तेथील सोळा बालगायकांचे. हा आकडा संस्थापक राजा सहावा हेन्री याने ठरवून दिलेला! उंच छताखाली स्वर फार वेळ रेंगाळतो, म्हणून शब्द अगदी स्वच्छ उच्चारावे लागतात. (आमच्या गायनवर्गाने हे ऐकावे!) युद्ध थांबल्यावर १९१८ च्या नाताळात तेथे नऊ पाठ व गीतांची उपासना प्रथम झाली. ती योजणारे मिल्नर-व्हाइट सैन्यात धर्मोपदेशक म्हणून राहून आले होते. तिच्या आरंभीच्या प्रार्थनेत आजही मृतांचे स्मरण केले जाते.