संवादशैलीचे मापन आणि मराठी प्रश्नावली

व्यक्तीची संवादशैली मोजण्यासाठी तिच्यापुढे स्वतःविषयीची काही विधाने ठेवून ती कितपत लागू पडतात हे विचारणे, ही मानसशास्त्रातील रूढ पद्धत होय. रॉबर्ट नॉर्टन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या मापिकेत प्रभुत्वशील, नाट्यमय, वादप्रिय, मोकळी, लक्षपूर्वक ऐकणारी अशा नऊ शैली कल्पिल्या आहेत. अशी मापिका मराठीत येते तेव्हा मापनाचे साधन झालेली भाषाच मापनात हस्तक्षेप करते, हा प्रस्तुत लेखाचा प्रतिपाद्य विषय आहे.

मानसशास्त्रीय चाचण्यांचे मराठीकरण नवे नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी सिद्ध केली. तथापि बुद्धिमापनात उत्तर बरोबर किंवा चूक ठरवता येते. शैलीच्या प्रश्नावलीत उत्तराचा सारा भार विधानाच्या शब्दयोजनेवर पडतो.

या दृष्टीने मराठी व्याकरणाची तीन वैशिष्ट्ये विचारात घ्यावी लागतात. पहिले, ‘मी स्पष्ट बोलतो’ या विधानात लिंग अटळपणे व्यक्त होते. ‘बोलतो/बोलते’ असा पर्याय देताच उत्तर देणारी स्त्री ‘स्त्री म्हणून’ उत्तर देऊ लागण्याचा संभव असतो. दुसरे, ‘आपण’ हे सर्वनाम आदरार्थी ‘तुम्ही’, समावेशक ‘आम्ही’ आणि ‘स्वतः’ हे तिन्ही अर्थ वाहते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शक्य क्रियापद. ‘मला नाही म्हणता येत नाही’ यात कौशल्याचा अभाव सूचित होतो, तर ‘मला नाही म्हणवत नाही’ यात मन धजत नाही. इंग्रजीत दोन्हींचा उलट अनुवाद एकाच वाक्यात होऊ शकतो. त्यामुळे रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये पुरस्कारलेल्या उलट अनुवादाच्या कसोटीला दोन्ही विधाने उतरतात आणि नेमका भेद निसटतो.

शब्दसंग्रहाचेही तसेच आहे. स्पष्टवक्ता आणि फटकळ, मितभाषी आणि घुमा या जोड्यांत वर्तन जवळपास एकच, मूल्यनिर्णय मात्र विरुद्ध असतो. ‘मी फटकळ आहे’ हे विधान नाकारणारा आपली शैली नव्हे, तो शब्द नाकारत असतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. येथे मूळच्या आगरी-कोळी वस्तीत कोकण, घाट व खानदेशातून आलेल्या कुटुंबांची भर पडली आहे. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापन झाली. मनाच्या प्रश्नांविषयी मराठीतून बोलण्याची परंपरा या परिसरात रुजली आहे. परंतु आगरी बोलीत वडीलधाऱ्यांनाही एकेरी संबोधण्याची रीत आढळते. त्यात अनादर नसतो, जवळीक असते. ‘मी मोठ्यांशी अदबीने बोलतो’ या विधानाला प्रमाण मराठीचा निकष लावला, तर अशा घरातील विद्यार्थ्याला कमी गुण पडतील. बोलीचा भेद मग स्वभावाचा दोष म्हणून नोंदला जाईल, आणि त्यावरून समुपदेशन झाल्यास त्या विद्यार्थ्याला आपल्या घरच्या बोलण्याचीच लाज वाटू लागेल.

यावरून शैलीमापन व्यर्थ ठरत नाही. मात्र उलट अनुवादाच्या जोडीला प्रत्येक विधान उत्तर देणाऱ्याने कोणत्या अर्थाने घेतले, हे त्याच्याच बोलीत विचारले पाहिजे. सर्वनामे, क्रियापदांची रूपे व शब्दांच्या अर्थच्छटा यांचा अभ्यास हे मराठी विभागांचे नित्याचे कार्य आहे. प्रश्नावली हीही एक संहिता आहे, हे मान्य केल्यास तिच्या सिद्धतेत या विभागांचा सहभाग आवश्यक ठरतो.