यकृताचे रक्षकच भक्षक होतात तेव्हा

रोगजंतूंमुळे शरीराला इजा होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण जंतुसंसर्गात यकृताची होणारी सगळीच हानी जंतू करतात काय?

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येते. त्यातून अन्नरसाबरोबर काही जंतूही येऊ शकतात. त्यांना अडविण्यासाठी यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत भक्षकपेशींचा पहारा असतो. जर्मन शास्त्रज्ञ कुप्फर यांनी १८७६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना कुप्फर पेशी म्हणतात.

या पेशी जंतूंना गिळतात आणि टीएनएफ नावाचे प्रथिन बाहेर सोडतात. ही जणू धोक्याची घंटाच! ती वाजताच रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात व जंतूंवर तीव्र रसायनांचा मारा करतात. जंतू मरतात, पण शेजारच्या यकृतपेशींनाही झळ लागते. सुक्याबरोबर ओलेही जळते, तसेच हे.

याला पुरावा काय? अनेक जंतूंच्या बाह्य आवरणात अंतर्विष नावाचा पदार्थ असतो. यकृत दुबळे करणाऱ्या गॅलॅक्टोसामीन या रसायनाबरोबर त्याची अत्यल्प मात्रा टोचली, तर साधे उंदीर यकृताची हानी होऊन मरतात. उंदरांच्या एका विशिष्ट जातीला मात्र अंतर्विष ओळखताच येत नाही. हे उंदीर जगतात. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांना साध्या उंदरांच्या भक्षकपेशी टोचल्या. मग तेही अंतर्विषाला बळी पडू लागले! म्हणजे घाव अंतर्विषाचा नव्हता; त्याला उत्तर देणाऱ्या पेशींमुळे तो झाला होता.

मग ही घंटा बंदच केली तर? तसे करून चालणार नाही. याच जातीच्या उंदरांना साल्मोनेलाचे थोडेसे जिवंत जंतू टोचले, तरी ते दगावतात. कारण धोका वेळीच न कळल्याने जंतू भराभर वाढतात.

यासाठी निरोगी शरीर घंटा वाजवते आणि वेळेवर थांबवतेही. इंटरल्यूकिन-१० हे प्रथिन असा लगाम घालते. १९९० च्या दशकात रक्तात संसर्ग पसरलेल्या रोग्यांना टीएनएफ रोखणारी औषधे देऊन पाहिली. पण अपेक्षेइतके प्राण वाचले नाहीत. असे का झाले असावे? उंदरांचे दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून वर्गात चर्चा करा.