जुना भाग टाकू नका

स्तर ४ : वाचनपाठ

वाचनाआधी
तुमच्या घरात आजी-आजोबांच्या वेळची एखादी वस्तू आहे का? ती बिघडली तर तुम्ही दुरुस्त कराल की नवी आणाल? दोन मिनिटं एकमेकांशी बोला आणि मग पुढे वाचा.

१. गाडीची ओळख

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही जुन्या सिनेमांत नक्की पाहिली असेल. ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. गाडीचा मूळ आराखडा मात्र इटलीच्या फियाट कंपनीचा. १९६४ मध्ये ती भारतात 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने आली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. तरी आपल्याकडची जुनी माणसं तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिली. तिच्या आधीच्या, १९५०च्या दशकातल्या फियाटला तर महाराष्ट्रात प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणायचे, कारण तिचं नाक तसं दिसायचं!

२०००च्या सुमारास पद्मिनी बनणं थांबलं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

आता समजा, तुमच्या आजोबांची १९७४ची पद्मिनी नाशिकला घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. दहा वर्षं कोणी चालवलेली नाही. काका म्हणतात, "भंगारात देऊन टाकू." तुम्हाला वाटतं, ती पुन्हा चालू करावी. मग सुरुवात कुठून करायची?

२. हात लावण्याआधी

किल्ली फिरवायची घाई करू नका. दहा वर्षं बंद असलेलं इंजिन आतून अडकलेलं असू शकतं. म्हणून मिस्त्री आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकतात. मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडतात आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवून बघतात. ते सहज फिरलं तरच पुढचं काम.

दुसरं काम कागदपत्रांचं. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवून बघायचा. नंबर जुळला नाही तर आधी तो प्रश्न सोडवायचा, पैसे नंतर खर्च करायचे.

तिसरं, गंज. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. तिच्या पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे तळाचा पत्रा कुजला असेल तर तो फक्त दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीची ताकदच जाते. काही वेळा गंजावर पुट्टी भरून वर छान रंग दिलेला असतो. तो ओळखायला एक साधं लोहचुंबक पुरतं. पत्र्याला ते चटकन चिकटतं, जाड पुट्टीवर मात्र चिकटत नाही.

३. भाग कुठे मिळतात?

कंपनी बंद झाली म्हणजे भाग संपले असं नाही. ते चार वाटांनी मिळतात.

पहिली वाट म्हणजे जुन्या दुकानात पडून राहिलेला, न वापरलेला माल. दुसरी, भंगारात गेलेल्या गाडीतून काढलेला भाग. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार यांसाठी प्रसिद्ध आहेत. तिसरी, नवीन बनवलेली नक्कल. आणि चौथी, लेथ मशीनवर एकच भाग मुद्दाम बनवून घेणं.

पहिली वाट सर्वात चांगली वाटते ना? धातूच्या भागासाठी ती चांगलीच आहे. पण रबर नुसतं खोक्यात पडूनही म्हातारं होतं, कडक होतं, त्याला भेगा पडतात. म्हणून दाराचं रबर असो की ब्रेकमधलं, ते आजकाल बनवलेलंच घ्यावं. ब्रेकच्या बाबतीत तर काटकसर अजिबात नको.

चारही वाटांवर एक गोष्ट सारखीच उपयोगी पडते. ती म्हणजे तुमचा जुना, तुटका भाग. दुकानदार त्याच्याशी ताडून बघतो. टर्नर त्याचं माप घेऊन नवा भाग बनवतो. तो भाग कचऱ्यात गेला की मापही गेलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जुना कोड पुसण्याआधी त्याची प्रत ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घाला, वर चिठ्ठी लावा, आणि काढण्याआधी त्याचा जागेवर फोटो घ्या.

४. फोनवरचं बोलणं

आजोबांची नात अमेरिकेत राहते. तिने नाशिकच्या मिस्त्रींना फोन केला.

नात : नमस्कार काका. मला पद्मिनीच्या दाराचं हँडल हवं होतं.
मिस्त्री : मिळेल की ताई. पण कुठल्या दाराचं?
नात : ड्रायव्हरच्या बाजूचं. डावीकडचं.
मिस्त्री : थांबा थांबा! ड्रायव्हरच्या बाजूचं की डावीकडचं? दोन्ही कसं होईल?
नात : अरे हो! भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो. मग उजवीकडचं, पुढच्या दाराचं.
मिस्त्री : आता कसं! आणि उजवं-डावं गाडीत बसून, पुढे तोंड करून ठरवायचं. समोर उभं राहून नाही.
नात : बरं झालं सांगितलंत. जुनं हँडल तुटलंय, पण जपून ठेवलंय.
मिस्त्री : शाब्बास! मग काकांबरोबर तेच पाठवून द्या. नुसतं गाडीचं नाव सांगून जमायचं नाही. पद्मिनी पंचवीस वर्षं बनत होती, मध्ये बारीकसारीक बदल झालेत.

एका शब्दाने चुकीचा भाग नाशिकहून विमानाने आला असता! म्हणून या कामात तुमचं मराठीही पाना-स्क्रू ड्रायव्हरइतकंच कामाचं आहे.

५. जशीच्या तशी की आपल्या आवडीची?

गाडी मूळ रूपात आणणं म्हणजे पुनरुज्जीवन. तिला नवा रंग, नवी चाकं, मोठं इंजिन लावणं म्हणजे आपल्या आवडीचे बदल. दोन्हींत आनंद आहे. पण बदल दोन प्रकारचे असतात. नट-बोल्ट उघडून परत काढता येतात ते, आणि पत्रा कापून केलेले. सीट बेल्ट किंवा जास्त उजेडाचे दिवे आज लावून उद्या काढता येतील. कापलेलं छप्पर मात्र पूर्वीसारखं होत नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे. भारतात २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. त्यांच्या नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नकोत. पण अशी गाडी रोज बाजारात न्यायला चालत नाही. ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते.

म्हणजे १९७४ची पद्मिनी आज या नोंदणीच्या वयात बसते. कोणी तिचा सांगाडा कापून वेगळं इंजिन बसवलं, तर ही संधी हातची जाईल. म्हणून आधी घरात बसून ठरवा : गाडी जपायची आहे की रोज फिरवायची आहे? उत्तर सापडेपर्यंत पत्रा कापू नका, आणि काढलेलं काहीही टाकू नका.

शब्दार्थ
आराखडा : वस्तू कशी बनवायची हे दाखवणारं चित्र किंवा योजना
सांगाडा : आतला आधार देणारा भाग
ताडून बघणे : दोन गोष्टी शेजारी ठेवून सारख्या आहेत का ते पाहणे
टर्नर : लेथ मशीनवर काम करणारा कारागीर
काटकसर : कमी खर्च करणे
संधी हातची जाणे : मिळालेली संधी गमावणे

भाषेकडे लक्ष : '-ऊन'
काढ + ऊन = काढून, फिरव + ऊन = फिरवून. एक काम संपवून दुसरं केलं, हे सांगायला हे रूप वापरतात. कधी ते काम कसं केलं हेही सांगतं. पाठातून अशी पाच रूपं शोधा. त्यातलं प्रत्येक रूप काय सांगतं?

प्रश्न
१. पद्मिनीच्या तळाला लागलेला गंज जास्त धोक्याचा का?
२. दुकानात पडून राहिलेलं न वापरलेलं रबर का घेऊ नये?
३. फोनवर नातीचा गोंधळ कशामुळे झाला?
४. काकांना गाडी भंगारात द्यायची आहे. त्यांना समजावणारा आठ ओळींचा निरोप लिहा. 'काका' आणि 'तुम्ही' वापरा.